ठिपक्यांची पाल आणि हलवायाची पेटी

दोन जातींच्या पाली एका पेटीत ठेवू नयेत. गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या नव्या बाई विचारायला आल्या, तेव्हा मी त्यांना एवढंच सांगितलं. प्रदर्शनासाठी त्यांना काचेच्या एका पेटीत तीन-चार प्रकारच्या पाली ठेवायच्या होत्या. कारण विचारलं, तेही दिलं. भिंतीवरच्या पालीला उंची लागते, दगडातल्या पालीला जमीन आणि दडायला फट लागते. एका पेटीत दोघींची सोय होत नाही. मोठी असते ती लहानीला खाते. नाही खाल्लं तरी लहानी भीतीने कोपरा सोडत नाही, किडा समोर आला तरी तोंड उघडत नाही, आणि शेवटी शेपटी टाकते.

"तुम्ही ठेवल्या होत्या का कधी?" त्यांनी विचारलं.

"एकदा. चार दिवस."

त्या हसल्या आणि वर्गावर गेल्या. चार दिवसांत काय झालं ते मी त्यांना सांगितलं नाही. तसं ते कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते आहे.

महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष-दोन वर्षं झाली होती. मी तेवीस वर्षांची होते आणि येरमाळ्याहून बार्शीकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात कन्याशाळेत नोकरीला होते. शाळा जुन्या करोडगिरीच्या नाक्यात भरायची. निजामाच्या वेळी तिथे हद्दीवरून येणाऱ्या मालावर जकात घेत. नाका उठला, इमारत रिकामी झाली, तीत चार वर्ग बसवले. दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, लहान खिडक्या आणि भिंतींवर पाली. वर्गात पाल चुकचुकली की मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, टेबलावर बोटाने टकटक करून "कृष्ण कृष्ण" म्हणत. मग साठ मुली आपापल्या पाटीवर टकटक करत. गणित तिथेच थांबे.

मला याचा राग येई. त्याला कारण होतं. मी तुळजापूरची. वडील कचेरीत कारकून, घराणं पुजाऱ्यांचं. सातवीच्या परीक्षेच्या दिवशी सकाळी माझ्या डाव्या खांद्यावर पाल पडली. आईने अंगावरच्या कपड्यांसकट मला आंघोळ घातली, वडिलांनी पंचांग काढून डाव्या खांद्याचं फळ वाचलं, मग देवीला जाऊन येणं झालं, आणि मी पहिल्या पेपराला पाऊण तास उशिरा पोचले. मी मास्तरीण झाले तेव्हा मनाशी ठरवलं होतं की माझ्या वर्गातली एकही मुलगी पालीला भिणार नाही.

तेव्हा शाळेत एक शिपाईबाई होत्या. त्यांना सगळ्या मावशी म्हणत. धनगराच्या, विधवा, वय चाळिशीच्या पुढे, एका गुडघ्याने अधू. झाडलोट, पाणी भरणं, घंटा देणं, लहान मुलींची नाकं पुसणं हे सगळं त्या करत. शाळेमागच्या खोलीत राहत. तीन वर्षं त्या हंगामी होत्या. त्यांना कायम करायचं की नाही हे दिपोटींच्या शेऱ्यावर ठरणार होतं. दिपोटी म्हणजे शाळा तपासायला येणारे साहेब. कायम झाल्या तर नोकरी आणि खोली दोन्ही राहणार. नाही झाल्या तर त्यांना दिराकडे परत जावं लागणार होतं, आणि दिराचं घर म्हणजे मेंढरं. वर्षातले आठ महिने कळपामागे चालायचं. गुडघ्यामुळे ते त्यांना होणारं नव्हतं. हे त्या कुणाला सांगत नसत, पण दिपोटी कधी येणार हे आठवड्यातून दोनदा मला विचारत.

तपासणीची तारीख कळली, तसं प्रत्येक शाळेने विज्ञानाचा कोपरा मांडावा असंही फर्मान आलं. बाकीच्या शाळा धान्यांचे नमुने आणि पिंपळाची जाळीदार पानं मांडणार हे मला माहीत होतं. मी पाली मांडायचं ठरवलं.

बाजारातल्या हलवायाने त्याची जुनी पेटी दिली. पुढून काच, मागे पत्र्याचं सरकतं दार, लांबी दीड हात. आतला तुपाचा वास धुऊनही गेला नाही. मी तळाला वाळू टाकली, एक दगड ठेवला, एक फांदी तिरपी लावली. मावशींनी व्हरांड्यातून तीन घरपाली अलगद उचलून आणल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटत नव्हतं. एकीच्या पोटातली दोन पांढरी अंडी ती काचेवर चढली की खालून स्पष्ट दिसत. मुली आधी लांब उभ्या राहिल्या, दुसऱ्या दिवशी काचेला नाक लावून उभ्या राहिल्या. चौथीतल्या एका मुलीने तिचं अंड्यांसकट चित्र काढलं. मला आनंद झाला आणि मी तिथे थांबायला हवं होतं.

पण माळावर दुसऱ्या प्रकारची पाल असते हे मला ठाऊक होतं. दगडाखाली राहणारी, जाड शेपटीची, अंगावर काळे ठिपके. तिला पापण्या असतात, ती डोळे मिटते. तिच्या बोटांना चिकटा नसतो, म्हणून भिंतीवर चढता येत नाही. गावात तिची फार दहशत होती. दिसली की लोक दगडाने ठेचत. मला वाटलं, ही आणि घरची एका पेटीत शेजारी दाखवल्या की मुलींना आपोआप कळेल, दोघी एकाच कुळातल्या, दोघी निरुपद्रवी. मी पुठ्ठ्यावर तसं लिहूनही ठेवलं: 'एकाच कुळातील भगिनी'. अक्षर चांगलं होतं माझं.

रविवारी सकाळी मी मावशींना म्हटलं, "मावशी, मागच्या माळावर दगडांचा ढीग आहे ना, त्यात ठिपक्यांची पाल असते म्हणे. धरून द्याल का?"

त्या झाडू टेकवून उभ्या राहिल्या. "बाई, तिची फुंकर डोळ्याला लागली तर मानूस आंधळं व्हतं. आन घरच्या पालीला ती जित्ती ठेवत न्हाय. एका जागी न्हाय घालायची."

"कुणी सांगितलं?"

"आमच्यात समद्यांस्नी ठावं हाय."

मी हसले. मग त्यांना धडा दिला: पालीला विष नसतं, फुंकरीने कुणी आंधळं होत नाही, हे सगळं अज्ञान. त्यांनी एका दमात दोन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली चूक होती, दुसरी बरोबर होती. पहिली ऐकून मला हसू आलं आणि त्या हसण्यात मी दुसरीही निकालात काढली. मेंढरांमागे माळावर जन्म घालवलेल्या बाईने ती पाल खाताना पाहिली असेल, हे माझ्या डोक्यातही आलं नाही. मी पुस्तकातलं एक पान वाचलं होतं आणि त्या पानावर पालीला एकच शब्द होता.

"तुमी म्हनता तर आनते," त्या म्हणाल्या. मग झाडू उचलून, "दिपोटीसायबास्नी दावायचीय व्हय?"

"हो. त्यांना आवडेल. तुम्ही धरली असं सांगेन मी."

म्हणजे त्या का तयार झाल्या हे मला तेव्हाच कळलं होतं.

माळावर त्यांनी पदर डोक्यावरून ओढून तोंड-नाक गुंडाळलं, डोळ्यांवरही आणला, एक फट ठेवली. दगड एका हाताने उलटायचा, मान बाजूला वळवायची, मग दुसरा हात घालायचा. मी पेटी घेऊन दहा पावलं मागे उभी होते.

"बाई," पदराआडून त्या म्हणाल्या, "इख न्हाय म्हनता, तर जरा म्होरं या की."

"पेटी जड आहे, मावशी."

"व्हय, व्हय. लई जड असंल." त्या हसल्या असाव्यात.

पाचव्या-सहाव्या दगडाखाली पाल सापडली. त्यांनी ती मानेमागे धरून, हात शरीरापासून जितका लांब नेता येईल तितका नेऊन पेटीत सोडली. मी दार सरकवलं. त्यांनी वाळूने हात घासले, मग रॉकेलने, मग राखेने. मला ती गंमत वाटली.

शाळेत आल्यावर त्यांनी एक फुटक्या काठाचा माठ आणला. "हिला यात ठिवू. वर जाळी बांधते. दोन्ही जवळजवळ मांडू, बघणाऱ्याला दिसंल."

ही फार सोपी तोड होती. मी ती मानली नाही. माठातली पाल दिसणार कशी, आणि माझा पुठ्ठा? भगिनी वेगवेगळ्या भांड्यांत ठेवल्या तर भगिनी कसल्या?

दोन दिवस काहीच झालं नाही. ठिपक्यांची पाल दगडाखाली पडून राहिली, घरच्या तिघी काचेच्या वरच्या कडेला. त्या खाली उतरतच नव्हत्या हे मी पाहिलं, पण वर राहणं त्यांना आवडत असेल असा अर्थ लावला. झुरळं, पतंग टाकले तर ते वाळूवर पडत आणि ठिपक्यांची खाऊन टाकी. मी मावशींना बोलावून दाखवलं.

"बघा. आहेत ना गुण्यागोविंदाने?"

"तिचं पोट भरलंय, बाई. पोट भरल्यावर कोन बी गरीबच."

तपासणीच्या आदल्या दिवशी सारवण, रांगोळ्या, तक्ते, मुलींची गाणी यात मी इतकी गुंतले की पेटीत किडे टाकायचे राहिले. मुली काचेवर टिचक्या मारत म्हणून पेटीवर जाड काळं कापड घातलं आणि ते दुसऱ्या दिवशी दिपोटींसमोरच काढायचं ठरवलं. रात्री हिंडणाऱ्या प्राण्याला आम्ही दिवसाची रात्र करून दिली होती. तीही उपाशी, आणि वरच्या तिघीही; भुकेने त्या खाली उतरणारच.

दिपोटी निजामाच्या वेळेपासूनचे नोकर होते, बोलण्यात अर्धी उर्दू. माणूस वाईट नव्हता. त्यांनी मुलींना पाढे विचारले, चुकलेल्या मुलीला स्वतःच पुढचा आकडा सांगितला. मावशींनी आणून दिलेलं पाणी पिऊन "बहुत ठंडा" म्हणाले. मोठ्या बाईंनी संधी साधून मावशींचं काम किती चोख आहे ते सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि शेरेबुक काढायला लावलं. मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी लुगडं धुवट नेसलं होतं, केसांना तेल लावलं होतं.

मी म्हटलं, "साहेब, आधी विज्ञानाचा कोपरा बघून घ्या."

कापड मी माझ्या हाताने ओढलं.

वाळूवर एक तुटलेली शेपटी एकटीच वळवळत होती. ठिपक्यांची पाल मधोमध उभी होती आणि तिच्या तोंडातून अंडीवाल्या पालीचं मागचं अंग बाहेर होतं, पाय हलत होते. दुसरी कुठे दिसली नाही, ती आधीच गेली असावी. तिसरी वरच्या कोपऱ्यात, बिनशेपटीची, काचेला चिकटून. ठिपक्यांच्या पालीने डोळे मिटले, उघडले आणि आणखी थोडं गिळलं. पेटीवर माझा पुठ्ठा होताच.

मुली किंचाळल्या. जिने चित्र काढलं होतं ती रडायला लागली आणि तिच्यामागे अख्खी चौथी. दिपोटी दोन पावलं मागे सरकले, त्यांचा पाय पाण्याच्या तांब्याला लागला.

"हा तर जहरी जानवर आहे," ते म्हणाले. "मुलींच्या शाळेत? कुणी आणला हा?"

महिनाभर मी त्या शाळेत एकच वाक्य बोलत होते, पालीला विष नसतं. तेच वाक्य तेव्हा म्हणायचं होतं. समोर मोठ्या बाई, साठ मुली, दिपोटी, आणि मी. मी म्हटलं, "मावशींनी धरून आणली, साहेब. त्यांनीच पेटीत सोडली."

यात एकही शब्द खोटा नव्हता. म्हणून तर ते वाक्य इतकं पटकन तोंडाला आलं.

दिपोटींनी मावशींकडे पाहिलं. मावशींनी माझ्याकडे पाहिलं. मी काय बोलते याची वाट त्या पाहत होत्या, बराच वेळ, असं मला तरी वाटलं. मग त्यांनी नजर खाली घातली. मोठ्या बाईंना खरं काय ते ठाऊक होतं. त्या टेबलावर बोटाने टकटक करत राहिल्या.

"मारून टाका ते," दिपोटी म्हणाले.

मावशी पुढे आल्या. पदर तोंडावरून घेतला, दार सरकवलं, ती पाल मानेमागे धरली आणि मान एका बाजूला वळवून बाहेर घेऊन गेल्या. मी खिडकीतून पाहिलं. त्यांनी ती मारली नाही. माळावर नेऊन दगडांच्या ढिगात सोडली आणि वाळूने हात घासले.

शेरेबुकात दिपोटींनी माझ्या तक्त्यांची तारीफ केली. मावशींबद्दल दोन ओळी लिहिल्या: बाई बेजबाबदार असून तिने विषारी प्राणी वर्गात आणला, सबब कायम करण्याची शिफारस करता येत नाही. मी ते वाचलं. शाई ओली होती. साहेब अजून व्हरांड्यात बूट घालत होते. व्हरांडा तिथून आठ पावलांवर.

पुढच्या महिन्यात नवी शिपाईबाई आली. मावशींनी खोली रिकामी केली तेव्हा मी वर्गावर होते, म्हणजे वर्गावर राहिले. त्यांनी माठ नेला नाही, तो व्हरांड्यात बरेच दिवस होता. कचेरीला पत्र लिहायचं मी मनात तयार केलं होतं, त्यातली वाक्यंसुद्धा. ते लिहिलं असतं तर माझ्या नावाचा शेरा बदलला असता. एवढंच कारण. दुसरं शोधून सापडत नाही.

पाच-सहा वर्षांनी माझी बदली झाली. सामान आधी पाठवून मी येरमाळ्याच्या थांब्यावर गाडीची वाट पाहत होते. रस्त्याच्या पलीकडे मेंढरं चालली होती. मागे काठी टेकत एक बाई. एक पाय ओढत होती. मला पाहून त्या रस्ता ओलांडून आल्या. मी ओळख दाखवायच्या आधी त्यांनीच दाखवली.

"बाई, बऱ्या हाईत का? वाळलात लई."

"बरी आहे, मावशी. गुडघा कसा आहे?"

"हाय तसाच. तो कुठं पळतोय." मग त्यांनी मेंढरांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "एक इचारू? लई दिस झालं इचारायचं हाय."

मला वाटलं, आता येणार ते.

"त्या पालीला इख व्हतं का न्हाय? खरं सांगा."

"नव्हतं, मावशी."

"फुंकरीचं?"

"तेही नाही."

"न्हाय ना?" त्यांनी श्वास सोडला. "मग बरं. दोनदा धरली म्या तिला. त्येच्यानंतर लई दिस सकाळी उठलं की पयलं येडाईच्या डोंगरावरच्या देवळाचा झेंडा दिसतोय का बघायची. दिसला की कामाला लागायची. मनात यायचं, बाई न्हाय म्हनत व्हत्या, पर सायबानं जहरी म्हनल्यावर त्या बी गप बसल्या, म्हंजी असंल."

तोवर मी समजत होते की मी त्यांची नोकरी घालवली. त्याहून वेगळं काही मी केलं होतं हे मला त्या थांब्यावर कळलं. जे खरं होतं, जे शिकवायला मी त्या गावात गेले होते, ते खरं मानायची हिंमत एका बाईने केली होती, हात घालून केली होती, आणि मी गप्प बसून तिच्यापुरतं ते खोटं करून टाकलं होतं.

"तसं असंल तर," मावशी म्हणाल्या, रागाने नाही, "त्या दिशी बोलायचं व्हतं, बाई."

"हो," मी म्हटलं.

गाडी आली. खूप गर्दी होती, कंडक्टर दारात उभा राहून ओरडत होता. माझ्या हातात कापडी पिशवी होती, पुस्तकांची, जड. मावशींनी काठी काखेत धरली, माझ्या हातातली पिशवी घेतली आणि शाळेत उचलत तशी उचलून गाडीत वर दिली. अधू गुडघ्यावर जोर देऊन.

मी ती त्यांना उचलू दिली.